कार्टून संपल्यावर

आमच्या घरी केबल आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट आणि कपाटावर टीव्ही, त्यामुळे काहीही बघायचं म्हणजे मान वर करूनच. साल १९९५-९६ असेल. त्या वेळी कार्टून नेटवर्क आणि टीएनटी अशी दोन चॅनेलं एकाच नंबरवर राहायची, एकाच खाटेवर पाळ्यापाळ्यांनी झोपणाऱ्या गिरणी कामगारांसारखी. दिवसभर टॉम आणि जेरी. मग रात्री कधीतरी पडद्यावर सिंह येऊन डरकाळी फोडायचा आणि काळ्या-पांढऱ्या माणसांची पाळी सुरू व्हायची. मुलांनी आता झोपावं असा त्याचा अर्थ होता. मी झोपले नाही, त्याला कारण अण्णा.

अण्णा लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात सेल्समन होते. दिवसभर उलगडलेले तागे पुन्हा गुंडाळून, साड्यांच्या घड्या घालून, शटर ओढून घरी यायला त्यांना साडेनऊ वाजायचे. हातपाय धुऊन ते बाहेरच्याच खोलीत जेवायला बसायचे आणि टीव्हीवर जे चालू असेल ते बघत जेवायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. म्हणजे ‘फिक्स्ड रेट’, ‘लेटेस्ट’ आणि ‘कलर गॅरंटी’ एवढं येत होतं. तरी ते चॅनेल बदलायचे नाहीत. हिंदी सिनेमात फार आवाज असतो, म्हणायचे. दिवसभर गिऱ्हाइकांचा आवाज ऐकलेल्या माणसाला न कळणारी भाषा बरी वाटत असावी.

पुढे कधीतरी मला कळलं की टेड टर्नर नावाच्या अमेरिकन माणसाने १९८६ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या (तो डरकाळी फोडणारा सिंह त्यांचाच) जुन्या सिनेमांचा अख्खा साठा विकत घेतला होता आणि तोच तो आपल्या चॅनेलांवर दाखवत होता. अटलांटातल्या एका व्यापाऱ्याने जुना माल घाऊक उचलला म्हणून नारायण पेठेत हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट आला. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “जुना माल कधी टाकू नये. गिऱ्हाईक येतंच.”

सुरुवात अर्थातच जाड्या-रड्यांपासून झाली. लॉरेल आणि हार्डी ही नावं आमच्या वाड्यात कुणाच्या तोंडी नव्हती. आई तर त्यांना सरळ गुंड्याभाऊ आणि चिमणराव म्हणायची. त्यांचा एक छोटा सिनेमा आहे, ‘द म्युझिक बॉक्स’, १९३२चा. त्याला विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला नसता. एका घरी पियानो पोचवायचा आहे. घर टेकडीवर, आणि वर जायला शंभराहून जास्त पायऱ्यांचा सरळसोट जिना. दोघं पियानोचं भलंमोठं खोकं वर चढवतात, ते घरंगळत खाली येतं, पुन्हा चढवतात. अर्धा सिनेमा एवढंच. शेवटी घामाघूम होऊन वर पोचतात तेव्हा पोस्टमन भेटतो आणि म्हणतो, अहो, पलीकडून रस्ता आहे, गाडी थेट दारात येते. दोघं एकमेकांकडे बघतात, आणि पियानो पुन्हा खाली उतरवतात. रस्त्याने आणायचा म्हणून.

खोकं घरंगळलं तेव्हा अण्णा हसले नव्हते. इथे मात्र त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. हसता हसता त्यांना ठसका लागला, आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. नंतर बराच वेळ ते म्हणत होते, “गोडाउनचं काम असंच असतं. असंच असतं अगदी.”

मला त्या दोघांचे कपडे आवडायचे. डोक्यावर गोल टोपी, गळ्यात टाय, खिशात दमडी नाही. दार उघडणाऱ्या प्रत्येकासमोर हार्डी टोपी काढून ओळख करून देणार: मी मिस्टर हार्डी आणि हे माझे मित्र मिस्टर लॉरेल. घरमालक हाकलतोय, खोलीत पाणी शिरलंय, पण मिस्टर सुटत नाही. आमच्या घरी दोनच शर्ट होते इस्त्रीचे, दोन्ही अण्णांचे. कॉलर घासून विरली की आई ती उसवून उलटी शिवायची. दुकानात गिऱ्हाईक आधी आपली कॉलर बघतं आणि मग साडी, असं अण्णांचं म्हणणं होतं. जाड्याला टाय कशाला लागतो हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जाता जाता सांगते, मुंबईचं रीगल थिएटर १९३३ मध्ये सुरू झालं ते याच दोघांच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ने. वातानुकूलित, झुळझुळीत नवं थिएटर, बाहेर मोटारींची रांग, आणि पडद्यावर हे दोन कफल्लक. कुलाब्याहून जाताना मी अजून त्या इमारतीकडे उगाच आपलेपणाने बघते.

आणि एक गोष्ट फार उशिरा वाचली. हार्डी १९५७ मध्ये गेला. लॉरेल त्याच्यापुढे साडेसात वर्षं जगला, पण पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. सँटा मोनिकात एका साध्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि त्याचा नंबर फोनच्या डिरेक्टरीत छापलेला असायचा. कुणीही फोन करावा, तो स्वतः उचलायचा, गप्पा मारायचा. दोघांच्या विनोदाची बांधणी पहिल्यापासून त्यानेच केलेली. हार्डी गेल्यावरही तो दोघांसाठी प्रसंग लिहीत राहिला. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि गॅसवरचं दूध बघायला गेले. दूध ठीक होतं.

आता खरं ज्याच्याबद्दल लिहायचंय त्या सिनेमाकडे येते.

डिसेंबर होता, सहामाही संपली होती. सिंह डरकाळी फोडून गेला आणि एक दुकान दिसलं. बंद दुकान. दारात नोकरमंडळी उभी, एकेक जण येतोय, एकमेकांना नमस्कार-चमत्कार, कालच्या जेवणाची चौकशी. मग मालक टॅक्सीतून उतरतो आणि तो कुलूप काढेपर्यंत सगळे अदबीने थांबतात. अण्णांनी ताट बाजूला सरकवलं. कोशिंबिरीची वाटी तशीच होती.

‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. १९४०. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिश. गाव बुडापेस्ट, दुकान चामड्याच्या वस्तूंचं आणि भेटवस्तूंचं, मालकाचं नाव माटुशेक. सगळे अमेरिकन इंग्रजी बोलतात, पण दुकानातल्या पाट्या हंगेरियन आणि पैसे पेंगो. क्रालिक हा तिथला सगळ्यात हुशार सेल्समन, म्हणजे जेम्स स्ट्युअर्ट. क्लारा ही नवी लागलेली मुलगी, म्हणजे मार्गारेट सुलावन. दोघांचं दिवसभर वाकडं. आणि दोघंही कुणा अनोळखी माणसाला निनावी पत्रं लिहितायत, पुस्तकांबद्दल, आयुष्याबद्दल, फार वरच्या पट्टीतली. ती पत्रं ते एकमेकांनाच लिहितायत, हे आपल्याला त्यांच्याआधी कळतं. हीच गोष्ट पुढे १९९८ मध्ये ईमेल घालून पुन्हा काढली, तो सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मला तो ठीक वाटला. त्यातलं दुकान मोठं होतं, पण दुकानासारखं वागत नव्हतं.

लुबिशचं दुकान दुकानासारखं वागतं. पिरोविच नावाचा एक मध्यमवयीन सेल्समन आहे, बायकामुलांचा धनी. मालक जेव्हा जेव्हा म्हणतो, “मला तुमचं प्रामाणिक मत हवंय,” तेव्हा तेव्हा हा पिरोविच गोल जिन्यावरून सूंबाल्या करतो. मालकाला कोपऱ्यात फक्त त्याचे पाय नाहीसे होताना दिसावेत. अण्णांना शब्द कळले नाहीत, पण पहिल्याच पळण्याला ते म्हणाले, “मत विचारलंन बहुतेक.”

मग ती पेटी येते. सिगारेटची पेटी, झाकण उघडलं की गाणं वाजतं. मालकाला ती फार आवडलीय, माल उचलायचा त्याचा विचार आहे. क्रालिकला विचारतो. क्रालिक म्हणतो, घेऊ नका, खपणार नाही, दर सिगारेटला कोण गाणं ऐकेल? तेवढ्यात नोकरी मागायला आलेली क्लारा एका जाड्या बाईला तीच पेटी खाऊची पेटी म्हणून गळ्यात मारते. गोळी घ्यायला झाकण उघडलं की गाणं वाजणार, म्हणजे आपण फार खातोय याची आठवण होणार. बाई घेते. क्लाराला नोकरी लागते. अण्णा कौतुकाने म्हणाले, “पोरगी तयार आहे.” आणि सहा महिन्यांनंतरच्या शोकेसमध्ये त्याच पेट्या भाव उतरवून मांडलेल्या दिसल्या तेव्हा त्यांनी आईला हाक मारली. “अगं, बघ. पडून राहिला माल.”

त्यानंतर मालक क्रालिकला कामावरून काढतो. सगळ्यांसमोर नव्हे, ऑफिसात बोलावून, हातात शिफारसपत्र देऊन. क्रालिक बाहेर येऊन ते पत्र सहकाऱ्यांना वाचून दाखवतो, आपलं वहीपेन्सिलचं सामान गोळा करतो. खोलीतल्या कुणाला कुठे बघावं कळत नाही.

“काढणारच,” अण्णा म्हणाले. “पेटी घेऊ नका म्हणाला ना. खरं बोलला.”

मला ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या घरात ती गोष्ट आधी घडून गेली होती, फक्त मला आईकडून तुकड्यातुकड्यात कळलेली. मी लहान असताना अण्णांच्या मालकांनी सिंथेटिक साड्यांचा एक मोठा लॉट घेतला होता. अण्णांनी पहिल्याच दिवशी एका साडीचा पदर ओला करून बघितला आणि रंग जातोय असं सांगितलं. लॉट आलाच. साड्या विकल्या गेल्या, परत आल्या, आणि अण्णांची बदली साड्यांच्या गादीवरून वरच्या मजल्यावरच्या फॉल-अस्तराच्या काउंटरवर झाली. तिथे दोन वर्षं त्यांनी ब्लाउजपीसला मॅचिंग अस्तर काढून दिलं. अस्तराला कमिशन नसतं.

या सिनेमातलं एक दृश्य मी पुढे किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. क्लारा पोस्टात पत्र आलंय का बघायला जाते. कॅमेरा पेट्यांच्या आतल्या बाजूला, पोस्टवाल्यांच्या बाजूला. चौकोनी कप्प्यांची भिंत. त्यातल्या एका रिकाम्या कप्प्याचं पलीकडचं दार उघडतं आणि मोजा घातलेला एक हात आत येतो. हात कप्प्याचा तळ चाचपतो. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, पुन्हा एकदा. काही नाही. हात मागे जातो आणि त्या चौकोनात चेहरा येतो, आत बघणारा. बस, काही सेकंदांचा खेळ. आपल्याला माहीत असतं की पत्र येणार नाही, कारण पत्रांतली मुलगी क्लाराच आहे हे लिहिणाऱ्याला आता कळलंय. तिला माहीत नसतं.

पोस्टाच्या पेटीत रिकामा फिरणारा हात. हे दाखवायला दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तिला खिडकीत उभं केलं असतं, बाहेर पाऊस पाडला असता, व्हायोलिनं लावली असती. त्या रात्री वाड्यातल्या खोलीत कुणी काही बोललं नाही. आई म्हणाली, “हात किती छोटा आहे तिचा.”

लुबिशचे वडील बर्लिनमध्ये शिंपी होते, त्यांचं दुकान होतं. पोरगा नाटकात जायच्या आधी त्याच दुकानात हिशेब लिहायला बसायचा. बर्लिनमधल्या पहिल्या सिनेमांतही तो दुकानातला आगाऊ नोकर म्हणूनच लोकांना माहीत झाला. १९२२ मध्ये तो अमेरिकेला गेला. ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये नाझी सरकारने त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. पिरोविचचं काम करणारा फेलिक्स ब्रेसार्ट हाही जर्मनी सोडून आलेला ज्यूच. हा सिनेमा आला जानेवारी १९४० मध्ये, युरोपात युद्ध पेटून चार महिने झालेले. सिनेमात युद्धाचा एक शब्द नाही. बुडापेस्टमधल्या एका दुकानात सहा-सात माणसं नोकरी टिकेल का, नाताळात विक्री होईल का, एवढ्याच काळजीत आहेत. जे युरोप आता राहणार नव्हतं त्यातलं एक दुकान त्याने हॉलिवूडच्या स्टुडिओत उभं केलं आणि त्याला कुलूपकिल्ली दिली. हे कळल्यावर मला तो सिनेमा जास्त आवडला असं म्हणायला नको, तो आधीच पुरेसा आवडला होता. फक्त त्यातला नाताळचा बर्फ जरा जास्त थंड वाटायला लागला.

या जुन्या सिनेमांच्या नादी लागले ते अशी. कॉलेजात असताना सीडी भाड्याने आणून बघायचे, मग डीव्हीडी. ‘सिटी लाइट्स’ तेव्हा पाहिला. बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती, सगळं हॉलिवूड बडबडत होतं आणि १९३१ मध्ये चॅप्लिनने मूकपट काढला. आंधळ्या फुलवालीला हा भिकारडा माणूस श्रीमंत वाटला पाहिजे, ही सगळ्या गोष्टीची खुंटी. ते कसं दाखवायचं यावर तो किती अडला होता! तोच प्रसंग त्याने पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा चित्रित केला म्हणतात. शेवटी सापडलं ते असं: पोलिसाला चुकवायला तो रस्त्यात उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने उतरतो. दार लागल्याचा आवाज तिला येतो. मोटारीतून उतरला म्हणजे साहेब. सगळी गोष्ट एका आवाजावर उभी आहे, आणि तो आवाज मूकपटात आहे. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना तिचा हात आठवेलच. हे सगळे लोक हातांवर फार भिस्त ठेवायचे.

‘इट हॅपन्ड वन नाइट’ घरी लावला तर दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, “हा तर चोरी चोरी!” बरोबरच होतं. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि फाटका पत्रकार. फ्रँक काप्राचा हा १९३४चा सिनेमा आपल्याकडे १९५६ मध्ये राज कपूर-नर्गिस घेऊन आणि १९९१ मध्ये आमिर खान-पूजा भट्ट घेऊन दोनदा झाला. मूळ सिनेमाला ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं मिळाली. नायिका क्लोदेत कोलबेअरला मिळण्याची इतकी आशा नव्हती की त्या रात्री ती गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती, तिला तिथून उचलून आणावं लागलं. आईचं मत मात्र पक्कं: “गाणी नाहीत. गाण्यांशिवाय ही दोघं इतका वेळ बोलतात काय?”

बोलतात खरी. त्यालाही कारण होतं. काय दाखवायचं आणि काय नाही याचे नियम हॉलिवूडने १९३० मध्ये लिहिले आणि १९३४च्या मध्यापासून ते कडकपणे राबवायला सुरुवात केली. मिठीत किती वेळ राहायचं याचासुद्धा हिशेब. मग लेखकांनी सगळी ओढ भांडणात घातली. हा सिनेमा त्या कडक अंमलाच्या काही महिने आधीचा, पण त्यालाही जणू चाहूल लागलेली. एका खोलीत दोन खाटा, मध्ये दोरी, दोरीवर घोंगडी. घोंगडीच्या त्या बाजूला ती, या बाजूला तो. दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला दोरीवरच्या चादरीचं महत्त्व वेगळं सांगायला लागत नाही. नव्या लग्नाच्या काकांसाठी आमच्याकडेही अशी एक चादर वर्षभर टांगलेली होती.

आवडीच्या भरात सगळंच गोड म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या सिनेमांत काळा माणूस दिसला तर तो बहुधा बॅगा उचलताना किंवा दार उघडून धरताना दिसतो, आणि डोळे मोठे करून घाबरायचं काम त्याच्याकडे. ते बघवत नाही. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधला देवदूत मला कधीच पचला नाही. त्या सिनेमातलं मला आवडतं ते टेलिफोनवरचं दृश्य, जिथे जेम्स स्ट्युअर्ट आणि डोना रीड एकाच रिसीव्हरला कान लावून उभे असतात आणि तिसऱ्याच माणसाचं बोलणं ऐकता ऐकता त्याचा निश्चय वितळतो. ‘शॉप’ आणि या सिनेमाच्या मधल्या सहा वर्षांत स्ट्युअर्ट युद्धावर जाऊन, बॉम्बफेकी विमानं उडवून आला होता. क्रालिकचा चेहरा आणि हा चेहरा शेजारी ठेवून बघा. आणि ‘ब्रिंगिंग अप बेबी’? खराखुरा बिबळ्या, कॅथरिन हेपबर्न आणि कॅरी ग्रँट एकाच वेळी बोलतायत. तो आवडायला मला दहा वर्षं लागली. अण्णांनी पंधराव्या मिनिटाला विचारलं होतं, “हिला घरात कुणी काही बोलत नाही का?”

२००९ मध्ये अण्णा निवृत्त होऊन घरी होते. गुडघे गेले होते. पस्तीस-चाळीस वर्षं उभ्याने साड्या दाखवल्या की गुडघे जातात, डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मला ‘शॉप’ची डीव्हीडी मिळाली, खाली इंग्रजी अक्षरं येणारी. रविवारी दुपारी लावली. मी दर वाक्याला थांबवायची, मराठीत सांगायची, पुन्हा चालू करायची. दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा आम्ही चार तास बघितला. पिरोविच पहिल्यांदा पळाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पाठ होता त्यांना तो पळण्याचा क्षण.

मग क्रालिकला काढण्याचा प्रसंग आला, आणि माझीच पंचाईत झाली. मीही इतक्या वर्षांत तो सिनेमा तुकड्यातुकड्यानेच पाहिला होता, पोस्टाची पेटी वगैरे, मधला भाग अण्णांच्या अर्थानेच डोक्यात बसलेला. खाली अक्षरं भलतंच सांगत होती. मालकाला निनावी पत्र आलेलं असतं, तुमच्या बायकोचं तुमच्याच दुकानातल्या नोकराशी काही चाललंय. क्रालिक घरी जेवायला येणारा, म्हणून संशय त्याच्यावर. खरा माणूस निघतो वादाश, तो अंगठ्या घालून मिरवणारा. पेटीवरून खटका उडालेला असतो, पण काढलं ते पेटीपायी नाही.

मी सांगितलं. अण्णा जरा वेळ गप्प राहिले.

“म्हणजे पेटीचा काही संबंधच नाही?”

“नाही.”

“बायकोवरून?”

“बायकोवरून.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “असेल,” म्हणाले. “पण पेटी भिकारच होती.”

मी पुढे चालू केलं. कॅफेतलं दृश्य झालं, क्रालिकला ती नाही नाही ते बोलते आणि तो ऐकून घेतो ते. आजारी क्लारा पत्र वाचून टवटवीत होते ते झालं. नाताळची आदली संध्याकाळ आली. दुकानात तोबा गर्दी, कित्येक वर्षांत झाली नव्हती अशी विक्री. मालक इस्पितळातून उठून येतो, बाहेर बर्फात उभा राहून आपल्याच शोकेसकडे बघतो. बोनस वाटतो. मग दिवे मालवले जातात, एकेक नोकर निघतो आणि प्रत्येकाला तो आडून आडून विचारतो, आज रात्री काय? प्रत्येकाला कुठेतरी जायचंय. बायको नसलेल्या मालकाला घर नाही. शेवटी उरतो नवा लागलेला पोऱ्या, रूडी. वय सतरा. आई-वडील गावाला, बुडापेस्टमध्ये एकटाच. मालक त्याला विचारतो, तुला हे आवडतं का, ते आवडतं का, आणि घेऊन निघतो जेवायला.

“थांबव,” अण्णा म्हणाले.

मी थांबवलं. पडद्यावर दोघं बर्फात, पाठमोरे होता होता राहिलेले.

“सतराच वर्षांचा होतो मी,” अण्णा म्हणाले. “पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजन करून मालक घरी गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते. साताऱ्याची शेवटची एसटी गेलेली. खानावळ चार दिवस बंद. मालकांनी सगळ्यांना मिठाईचा बॉक्स दिला होता, अर्धा किलोचा. तो खाल्ला गादीवर बसून. वर पाणी प्यायलो.” जरा थांबून म्हणाले, “गोडाने भूक जात नाही, नुसतं मळमळतं.”

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईनेही नसावं, कारण ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आत गेली नाही.

“काय काय देतो म्हणाला तो त्याला?”

मी मागे नेऊन पुन्हा वाचलं. कोंबडीचं सूप, शेवया घातलेलं. भाजलेला हंस, पोटात सफरचंदं भरलेला. उकडलेले बटाटे, वर लोणी. लाल कोबी. काकडीची कोशिंबीर, आंबट साय घालून. आणि शेवटी सफरचंदाचं गोड, दुप्पट.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते, गिऱ्हाईक यादी वाचतं तेव्हा ऐकायचे तसे.

“कोंबडी आणि हंस सोडलं,” ते म्हणाले, “तर बाकीचं चाललं असतं मला.”